व्यासपीठ आपले, नाणे कोणाचे? ग्रामस्थ मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे व पुणे येथील कोकणवासीय ग्रामस्थ मंडळांचे, तसेच गावोगावच्या देवस्थान आणि वाडी समित्यांचे सर्व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यातील एका लहानशा पतसंस्थेत मी एकतीस वर्षे रोखपाल होतो. त्या खिडकीमागे बसून माणसाला आणखी काही कळो वा न कळो, गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात आटतो, हे मात्र पक्के कळते. वाशीच्या दलालाकडून आंब्याची पट्टी येते ती मे-जूनमध्ये. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे होड्या शाकारलेल्या, खलाशी घरी आणि तांडेलाच्या हाती हंगामाचा हिशेब. गणपतीत चाकरमानी येतात ते बोनस नसला तरी बचत घेऊन येतात. शिवाय अलीकडच्या वर्षांत महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची जमीन गेली, त्यांच्या खात्यांवर आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम एकदम जमा झाली. हे वेळापत्रक मला पाठ आहे, तसे ते आणखी काही लोकांनाही पाठ आहे. हे पत्र डिजिटल नाण्यांच्या नावाखाली गावोगाव पैसे गोळा करणाऱ्या त्या लोकांविषयी आहे आणि आपण नकळत त्यांना केलेल्या मदतीविषयी आहे.

गेल्या गणपतीत आमच्या वाडीच्या मंडळाने सत्यनारायणाच्या पूजेनंतर, आरती आणि महाप्रसाद यांच्यामध्ये, ‘आर्थिक मार्गदर्शन’ असा पाऊण तासाचा कार्यक्रम ठेवला होता. मंडपाच्या कमानीचा खर्च त्या मार्गदर्शकाने उचलला होता, त्यामुळे पत्रिकेत त्याचे नाव अध्यक्षांच्या नावाखालोखाल छापले होते. हा तरुण वाडीतल्याच एका घराचा भाचा, बोलायला नम्र, थोरामोठ्यांच्या पाया पडून मगच माईक हाती घेणारा. त्याने एका नव्या नाण्याची माहिती दिली, मोबाइलवर ॲप दाखवले आणि रोज एक टक्का परतावा मिळतो, नफा न काढता त्यातच ठेवला तर तो आणखी वाढतो, असे सांगितले. मी तिसऱ्या रांगेत होतो. सवयीने पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली. रोज एक टक्का चक्रवाढीने एका लाखाचे वर्षअखेरीस सुमारे 37 लाख 78 हजार होतात आणि दोन वर्षांनी चौदा कोटींच्या वर जातात. जगात असा कोणताही धंदा नाही, आणि असलाच तर तो करणारा माणूस आमच्या वाडीत दहा-दहा हजार गोळा करायला कशाला येईल? हे मला त्या क्षणी कळले होते. तरी मी तो कागद चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि गप्प बसलो, कारण त्या मुलाचा मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

शिमग्याला पालखी घरोघर फिरत होती तेव्हा ते ॲप उघडणे बंद झाले होते. किती घरांचे किती गेले, हे मी येथे लिहिणार नाही, कारण बहुतेकांनी ते आपल्या घरातही सांगितलेले नाही. त्या भाच्याचेही स्वतःचे पैसे त्यात बुडाले आहेत आणि त्याच्या वरच्या साखळीतला माणूस कोण होता, हे त्यालाही ठाऊक नाही. तो भामटा नव्हता. या फसवणुकीची खरी ताकद त्यातच आहे. दारावर आलेल्या परक्या माणसाला आपली आजी पाणी देते, पैसे देत नाही. भाच्याला मात्र ती पाटल्यासुद्धा काढून देते.

क्रिप्टो, म्हणजे संगणकावरची डिजिटल नाणी, हे सगळेच थोतांड आहे, असे माझे म्हणणे नाही, आणि तसे म्हणणे तरुण मंडळींना पटणारही नाही. बिटकॉइन या नाण्याची साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या व्यवहार-नोंदी) 3 जानेवारी 2009 रोजी सुरू झाली, एकूण 2 कोटी 10 लाखांपेक्षा अधिक बिटकॉइन कधी निर्माण होणार नाहीत असा तिचा नियम आहे, आणि तिची नोंदवही जगातील कोणालाही उघडून पाहता येते. पण त्या नोंदवहीत परताव्याचे वचन देणारा कोणी बसलेला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये एका बिटकॉइनचा भाव 69 हजार डॉलरच्या आसपास होता आणि पुढच्याच नोव्हेंबरमध्ये तो 16 हजारांच्या खाली आला. ज्या वस्तूचा भाव वर्षभरात असा कोसळू शकतो, तिच्यावर दरमहा ठरलेली रक्कम देण्याची हमी कोणालाही देता येणार नाही. म्हणून ‘हमी’ हा शब्द ऐकू आला की समोरचा माणूस बिटकॉइनविषयी बोलत नसून आपल्याच पैशांविषयी बोलत आहे, असे समजावे. मागून येणाऱ्याचे पैसे पुढच्याला द्यायचे आणि येणारे थांबले की दुकान बंद करायचे, हा खेळ आपल्या पिढीने सागवान लागवडीच्या आणि ‘दामदुप्पट’च्या नावाखाली पाहिला आहे. आता त्याला मोबाइलचा पडदा मिळाला, इतकेच.

सरकारी मान्यतेचा मुद्दा या सभांमध्ये हमखास निघतो, म्हणून तो येथेच निकाली काढतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले. 2022 पासून या व्यवहारांतील नफ्यावर 30 टक्के कर आणि विक्रीवर 1 टक्का टीडीएस लागू झाला. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टोची सेवा देणाऱ्या कंपन्या काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली (पीएमएलए) आल्या आणि त्यांना केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. यातले काहीही म्हणजे अमुक नाणे चांगले असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. सरकार कर तर लॉटरीच्या बक्षिसावरही घेते. नोंदणी झालेली कंपनीसुद्धा बुडू शकते किंवा लुटली जाऊ शकते. जुलै 2024 मध्ये भारतातील एका मोठ्या क्रिप्टो बाजारातून (एक्सचेंजमधून) सुमारे 23 कोटी डॉलर चोरीला गेले, ते ग्राहकांचे होते. राहिला रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया. तो 1 डिसेंबर 2022 पासून सामान्य लोकांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आला. तो साधा रुपयाच आहे, त्याचा भाव वाढत नाही आणि त्याचे एजंट गावोगाव फिरत नाहीत.

हे लोण आपल्या उंबऱ्याशी आजच आले, असेही नाही. वनकॉइन नावाच्या योजनेने जगभरातून अब्जावधी डॉलर गोळा केले. तिच्यामागे खरी ब्लॉकचेन नव्हतीच, केवळ एका कंपनीच्या संगणकावरचे आकडे होते. तिची प्रवर्तक रुजा इग्नाटोव्हा ऑक्टोबर 2017 मध्ये बेपत्ता झाली आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने तिचे नाव पहिल्या दहा फरारींच्या यादीत घातले. मात्र ती बेपत्ता होण्याच्या सहा महिने आधी, एप्रिल 2017 मध्ये, नवी मुंबई पोलिसांनी याच नाण्याच्या प्रचार-सभेवर छापा घालून 18 जणांना पकडले होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटले उभे राहण्याच्या कितीतरी आधी आपल्या पनवेलच्या अलीकडे इशारा मिळाला होता. दुसरे उदाहरण गेनबिटकॉइनचे. दरमहा 10 टक्के, अठरा महिने, असे त्याचे आश्वासन होते. बिटकॉइन घेऊन पुढे परतफेड स्वतःच्याच एका कवडीमोल नाण्यात केल्याचा आरोप झाला आणि 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. पुढची कथा तर विलक्षण आहे. या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्तीतील बिटकॉइन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांना अटक करावी लागली. एकदा गेलेले नाणे परत मिळवणे किती अवघड असते, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

आता ॲप आतून कसे चालते ते सांगतो, कारण आमच्या वाडीत सगळ्यांत जास्त फसलेली माणसे ‘आधी थोडे टाकून पाहिले, पैसे परत आले, मग विश्वास बसला’ असे सांगणारी होती. पहिल्या पाच हजारांवर मिळालेले सहाशे रुपये खरोखरच बँकेत जमा होतात. तो परतावा नसतो, तो गळाला लावलेला चारा असतो, आणि गळ टाकणाऱ्या गावाला हे मी सांगावे हा दैवदुर्विलास आहे. त्यानंतर व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरच्या गटात दाखल केले जाते. तेथे दोनशे माणसे रोज नफ्याची छायाचित्रे टाकतात, ‘सरांचे आभार’ मानतात, आणि त्यातली बहुतेक एकाच टोळीची असतात. ॲपवरचा आकडा वाढत राहतो. तो वाढवायला कोणताही बाजार लागत नाही, एक कारकून पुरतो. मोठी रक्कम काढायला गेलात की सांगतात, खाते गोठले आहे, 30 टक्के कर आधी भरा. तो भरला की पडताळणी शुल्क. ते भरले की आणखी काही. येथे प्रत्येकाने एक गोष्ट मनात कोरून ठेवावी, ती अशी की आयकर हा सरकारी खात्यात भरायचा असतो. तो कोणत्याही गटप्रमुखाच्या वॉलेटमध्ये (नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात) किंवा खासगी यूपीआय क्रमांकावर भरायचा नसतो.

यातूनच एक चांगली कसोटी हाती लागते आणि ती वापरायला तंत्रज्ञान कळावे लागत नाही. कायदेशीर भारतीय बाजारात नाणी विकून खरोखर लाखो रुपये मिळवलेल्या माणसाच्या टीडीएस विवरणात, ज्याला आपण 26एएस म्हणतो, त्या 1 टक्का कपातीच्या नोंदी दिसतात. व्यासपीठावर गाडीची किल्ली फिरवणाऱ्या वक्त्याला ते विवरण दाखवण्याची विनंती करावी. किल्ली भाड्याची मिळते, विवरण मिळत नाही.

दुसरी कसोटी आपल्या बागायतदारांना पटेल. देवगडचे नाव छापलेल्या पेटीत परराज्यातला आंबा भरून विकला जातो, याचा आपल्याला किती संताप येतो! 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तरी पेटीवरचा छाप पाहून आपल्यातला कोणी फसत नाही. आपण पेटी उघडतो, फळ हातात घेतो, देठाशी वास घेतो. ॲप ही पेटी आहे. बिटकॉइन, इथेरियम किंवा ट्रॉन यांच्यावरचा प्रत्येक व्यवहार त्या त्या साखळीच्या सार्वजनिक नोंदवहीत दिसतो. ज्या पत्त्यावर आपली नाणी ठेवली आहेत असे सांगितले जाते तो पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक मागावा, आणि गावातल्या संगणक शिकलेल्या कोणत्याही मुलाकडून इथरस्कॅन किंवा ट्रॉनस्कॅन अशा नोंदवही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो तपासून घ्यावा. पत्ताच देता येत नाही, ‘आमची साखळी खासगी आहे’ किंवा ‘नाणे अजून बाजारात यायचे आहे’ असे उत्तर आले, तर पेटी रिकामी आहे. मात्र नाणे नोंदवहीत आहे एवढ्यावरही विसंबू नये. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस ‘स्क्विड’ नावाचे नाणे साखळीवर खरेच होते; लोकांना ते विकत घेता येत होते, विकता मात्र येत नव्हते, आणि काही दिवसांत ते काढणारे पैसे घेऊन पसार झाले.

ज्या गोष्टीची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, ती पैसे गमावण्याहून वाईट आहे. आपल्या महाविद्यालयीन मुलांना सध्या ‘बँक खाते वापरायला दे, महिन्याला पाच-दहा हजार मिळतील’ असे सांगितले जाते. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दिले की त्या खात्यातून देशभरातल्या फसवलेल्या लोकांचे पैसे फिरतात, त्या पैशांनी यूएसडीटी नावाचे डॉलरशी बांधलेले नाणे विकत घेतले जाते आणि ते क्षणात देशाबाहेर जाते. मागे उरते फक्त मुलाचे नाव. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस येते ती त्याच्या घरी, आणि त्याची आई ती घेऊन पतपेढीत आमच्याकडे येते, कारण तिला दुसरे कोणी ओळखीचे नसते. याचेच अधिक साळसूद रूप म्हणजे यूएसडीटी विकण्याचा धंदा. बाजारभावापेक्षा चार-पाच रुपये जास्त देणारा अनोळखी ग्राहक मिळतो, पैसे खात्यात येतात, आणि आठवड्याभरात खाते गोठते, कारण ते पैसे कोणा तिसऱ्याच्या फसवणुकीतले असतात. जास्तीचा भाव कोणी उगाच देत नाही, हे हर्णैच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या कोळिणीला सांगावे लागत नाही; बी.कॉम. झालेल्या मुलाला मात्र सांगावे लागते.

समाजमाध्यमांवर गोड बोलून महिनोन्महिने मैत्री करणाऱ्या आणि मग गुंतवणुकीचा विषय काढणाऱ्या अनोळखी स्त्री-पुरुषांविषयी बरेच लिहून झाले आहे. त्यात एवढीच भर घालतो की पलीकडे टंकलेखन करणारा माणूस कदाचित आपल्यातलाच, कोंडून ठेवलेला असेल. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या आणि म्यानमारच्या सीमेवरच्या कोंडवाड्यांत या कामाला जुंपलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. आखाताची आणि जहाजाची वाट आपल्या घरांना नवी नाही. म्हणूनच एजंटाने व्हिसा पर्यटकाचा आणि नोकरी ‘डेटा एंट्री’ची सांगितली, तर मंडळाने त्या घरी जाऊन बोलावे.

ज्यांच्याकडे स्वतःचे वॉलेट आहे त्यांच्यासाठी एकच वाक्य: वॉलेटची किल्ली म्हणून मिळालेले ते बारा किंवा चोवीस शब्द ज्याच्या हाती, नाणी त्याची. ते शब्द कोणत्याही कंपनीचा खरा प्रतिनिधी कधी मागत नाही.

आणि घात झालाच, तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. 1930 या क्रमांकावर फोन करणे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवणे ही दोन कामे त्याच दिवशी व्हावीत. पैसे एखाद्या बँक खात्यात असेपर्यंत ते रोखता येण्याची आशा असते. त्यांची नाणी होऊन साखळीवर गेली की तो व्यवहार उलटवण्याचा अधिकार कोणत्याही बँकेच्या व्यवस्थापकाकडे नसतो. व्यवहारांचे क्रमांक, गटातले संवाद, ॲपची चित्रे पुसून टाकू नयेत, मग ते वाचताना कितीही लाज वाटो. आमच्या वाडीत नेमके उलटे झाले. चारचौघांत नाव नको म्हणून कोणी महिनाभर तोंड उघडले नाही, फोन मात्र पुसले. त्यानंतर ‘बुडालेली रक्कम सोडवून देतो, आधी दहा टक्के भरा’ असे सांगणाऱ्या तोतया अधिकाऱ्यांचे फोन आले आणि दोघांनी तेही भरले.

आता आपल्याकडे मागणे. उत्सवाच्या कार्यक्रमात, मंडळाच्या स्नेहसंमेलनात, मंदिराच्या सभामंडपात किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात परताव्याचे आश्वासन देणाऱ्या कोणालाही, तो कोणाचा जावई असो वा भाचा, जागा देऊ नये. हा केवळ संकोचाचा प्रश्न नाही. 1978 च्या कायद्याने पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांना बंदी आहे. त्या चालवणे, त्यांत सभासद करून घेणे हा तर गुन्हा आहेच, पण त्यांच्या प्रचारासाठी जाणीवपूर्वक जागा वापरू देणे हाही गुन्हा आहे. कमानीचा खर्च उचलणाऱ्याची देणगी स्वीकारण्यापूर्वी तो काय विकतो, एवढे कार्यकारिणीने लेखी विचारून घ्यावे. आणि प्रत्येक मंडळाने एक जाणती व्यक्ती, शक्य तर एक पुरुष आणि एक स्त्री, अशी नेमावी की फसलेल्या माणसाने रात्री अकरा वाजताही तिला फोन करावा, तिने ‘तुला अक्कल नव्हती का’ हे न विचारता 1930 लावून द्यावा आणि सकाळी सोबत पोलीस ठाण्यात जावे.

येत्या गणपतीत आमच्या मंडळाने पूजेनंतरचा तोच पाऊण तास मला दिला आहे. त्या भाच्याने माझ्याबरोबर उभे राहून स्वतःची हकीकत सांगण्याचे कबूल केले आहे, आणि त्याच्या मामांनी पहिल्या रांगेत बसण्याचे. ज्या मंडळांना आपल्या गावात असा कार्यक्रम ठेवायचा असेल त्यांनी तारीख कळवावी, आम्ही दोघे एसटीने येऊ. कमान नको, पत्रिकेत नाव नको. आकडेमोडीचा तो कागद माझ्याकडे अजून आहे. घडीवर फाटला आहे, पण आकडे वाचता येतात.

आपला,
गुहागर तालुक्यातील पतसंस्थेचा एक निवृत्त रोखपाल